काटेरी जीवांचा हिशेब

आमची मुलगी समुद्रजीवशास्त्र शिकते. मालवणहून परतली की तिच्यासोबत शेकडो फोटो येतात. आणि नातेवाइकांचा प्रश्नही येतो: जवान मुलीला पाण्याखाली पाठवून, काटेरी किडे मोजून मिळणार काय?

तो किडा नव्हे. सी अर्चिन म्हणतात त्याला. काटेरी चेंडूसारखा जीव, तोंड खालच्या बाजूला, त्यात पाच दात. खडकावरचे शेवाळ तो खरवडून खातो, म्हणून प्रवाळाला जागा मिळते. 1983-84 मध्ये कॅरिबियन समुद्रात रोग पडला आणि लांब काट्यांचे नव्वद टक्क्यांहून जास्त अर्चिन मेले. शेवाळ माजले, प्रवाळ त्याखाली दबले. अलीकडे तसाच रोग तांबड्या समुद्रात आणि हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटापर्यंत पोहोचला. उलट कॅलिफोर्नियात अर्चिन बेसुमार वाढले आणि त्यांनी समुद्रातले केल्पचे जंगलच फस्त केले. कमी झाले तरी नुकसान, जास्त झाले तरी नुकसान.

मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत प्रवाळ आहेत. पावसाळा संपून पाणी निवळले की तळावर मोजपट्टी टाकतात, ठरावीक अंतरावर पाइपची चौकट ठेवतात आणि बरोबर वरून फोटो घेतात. सिलिंडरमधली हवा मोजकी, त्यामुळे खाली मोजत बसता येत नाही. फोटो मात्र घरी निवांत मोजता येतो, दुसऱ्यालाही मोजायला देता येतो. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा मोजतात. फटीत लपलेले अर्चिन फोटोत येत नाहीत, म्हणून वहीत ‘दिसले तेवढे’ असेच लिहायचे.

आमच्यापैकी एकाची उमर चाकणच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली. अंदाजाने नग पास होत नाही, हे आम्हाला नव्याने शिकायचे नव्हते. तरी नातेवाइकांना उत्तर सुचले ते पवनेमुळे.

सांगवीच्या एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला मुळा. नदीवर फेस आला तेव्हा मोहल्ल्यातली चार माणसे घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. पूर्वी इथे भरपूर मासे होते, असे सांगितले. साहेबांनी विचारले, “किती होते? नोंद आहे?” आम्ही गप्प. होते तेव्हा मोजले कुणी नव्हते, मग गेले हे सिद्ध कसे करणार?

सूरह रहमानमध्ये मोती आणि प्रवाळाचा उल्लेख आहे, आणि त्याच सूरहमध्ये मीज़ानची ताकीदही आहे. बाजारातल्या तराजूपुरतीच ती आहे, असे आम्हाला आता वाटत नाही. अल्लाहने जी अमानत हवाली केली, तिचा हिशेब ठेवणे हेही ईमानदारीचेच काम. त्या हिशेबात मुलगी आहे म्हणून तो कमी मोलाचा होत नाही.

रिकाम्या चौकटीचाही ती फोटो घेते आणि पुढे शून्य लिहिते. जागा कोरी सोडत नाही. नोव्हेंबरात ती पुन्हा मालवणला जाईल, इन्शाअल्लाह. आमची इजाजत आहे, दुआही आहे.