धाव आणि कडं

धाव चढवायच्या दिवशी आमच्या घरची चूल उशिरा पेटायची, कारण घरातल्या सगळ्या गोवऱ्या अंगणात गेलेल्या असत. खाली गोवऱ्यांचा गोल थर, त्यावर लोखंडी धाव आडवी, वर पुन्हा गोवऱ्या. बाजूला सपाट दगडावर बैलगाडीचं चाक निजवलेलं. तुंबा, आरे, पुट्टे, सगळं सुतारानं बसवून दिलेलं, पण हातानं हलवलं तर सांधे कुरकुरणारे. आई पाण्याच्या घागरी ओळीनं मांडून ठेवायची आणि आम्हा पोरांना ओरडून लांब पिटाळायची.

आबा, म्हणजे माझे वडील, वाळकं चिपाड धावेला टेकवून बघत. लगेच पेटलं तर त्या जागी ताव आला. असं चारी बाजूंनी बघून झालं की तिघं सांडशी घेऊन धाव उचलत, चाकावर आणत आणि ठोकून खाली बसवत. लाकूड भडकायचं, धुरात कुणाचं तोंड दिसायचं नाही, आणि त्याच क्षणी आई घागर ओतायची. मग येणारा आवाज मला अजून आठवतो. धाव आक्रसायला लागली की पुट्टे एकमेकांत दाबले जात, आरे तुंब्यात रुतत आणि सबंध चाक कडकड वाजत आवळून यायचं. खिळा नाही, डिंक नाही.

यामागचा हिशेब मला पुढे कळला. लोखंड दर १०० अंशांना लांबीच्या साधारण ०.१२ टक्के वाढतं. चार फुटी चाकाचा परीघ साडेबारा फूट. धाव ५०० अंशांनी तापवली की तिचा घेर जवळजवळ इंचभर वाढतो. आबांनी टक्केवारी कधी मांडली नाही, पण धाव चाकापेक्षा किती आखूड ठेवायची हे त्यांना नेमकं माहीत होतं. मोजायला ते सुतळी घेत नसत, कारण सुतळी ताणली जाते. खडूची खूण केलेलं एक लहानसं लोखंडी चाक ते आधी चाकाच्या बाहेरून आणि मग धावेच्या आतून फिरवत आणि फेरे मोजत. धाव फार आखूड झाली तर आरे वाकतात आणि चाकाला बशीसारखा बाक येतो. सैल राहिली तर चैत्र-वैशाखात लाकूड वाळतं आणि धाव रस्त्यातच निघून पडते.

आता आमच्या भागात धाव चढवायला वर्षा-दोन वर्षांत एखादं चाक येतं. विळे, कुऱ्हाडी, कुळवाच्या पासा शेवटायचं काम अजून आहे. बाकी माझा दिवस घडीव कामात जातो: जुने कठडे, जिन्यांच्या जाळ्या, फाटकं. लोक विचारतात की फाळ शेवटणारा लोहार वेलबुट्टीकडे कसा वळला. मला त्यात वळण्यासारखं काही वाटत नाही. दोन्हीकडे तीच ऐरण आणि तोच ताव.

मुंबईत या कामाची शाळाच होती. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं आणि १८६६ मध्ये तिथे तीन कार्यशाळा निघाल्या. सजावटीच्या चित्रकामाची जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे, शिल्पकामाची लॉकवुड किपलिंग यांच्याकडे आणि शोभेच्या घडीव लोखंडकामाची हिगिन्स यांच्याकडे. लोखंडकामाला चित्र आणि शिल्पाच्या जोडीचं स्थान मिळालं, हे मला फार मोलाचं वाटतं. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसमधले, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधले, जिन्यांचे कठडे आणि शोभेचं पुष्कळसं काम याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. जुन्या मुंबईतलं सगळंच लोखंड घडीव नाही, बरंच ओतीव आहे. ओतीव कामात एकाच साच्यातली फुलं अगदी सारखी येतात. घडीव कामात दोन वळसे कधीच तंतोतंत जुळत नाहीत आणि जोडावर हात फिरवला तर कडं लागतं.

हे कडं म्हणजे माझ्या लेखी या कलेचा जीव. दोन वळसे जिथे एकमेकांना भिडतात तिथे त्यांच्याभोवती लोखंडी पट्टी गरम असताना गुंडाळून आवळायची. १२ मिलिमीटरच्या दोन चौकोनी सळया शेजारी धरल्या तर त्यांचा घेर ७२ मिलिमीटर. पट्टी पाच मिलिमीटर जाड असेल तर जाडीच्या दुप्पट, म्हणजे दहा, त्यात मिळवायचे. ८२ मिलिमीटरचा तुकडा कापायचा. तो फर्म्यावर इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवायचा, पुन्हा नारिंगी होईपर्यंत तापवायचा, सळयांवर चढवायचा आणि दोन्ही टोकं हलक्या हातानं मिटवायची. निवताना तो तुकडा जेमतेम एक मिलिमीटर आक्रसतो. तेवढ्यानंच जोड पक्का होतो. पहिलं कडं आवळताना मला आमचं अंगण दिसलं, गोवऱ्यांचा धूर दिसला. आबांच्या हाताखाली इंचात शिकलेली गोष्ट मी मिलिमीटरात करत होतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका जुन्या घराच्या जिन्याचा कठडा दुरुस्तीला आला. त्याआधी एका कंत्राटदारानं त्याची डागडुजी केली होती. निघालेली कडी फेकून देऊन त्या जागी वेल्डिंगचे टाके मारले होते आणि वर जाड रंग. जुन्या सळया आणि टाके यांच्यामधल्या फटींत पावसाळ्याचं पाणी साठत गेलं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून फुगला आणि त्यानं वळसेच उकलून टाकले. मला अशा कामाचा राग येतो. वेल्डिंग वाईट नाही, माझ्याकडेही यंत्र आहे. पण कड्यानं धरलेल्या कामाची दुरुस्ती कड्यानंच व्हायला हवी.

त्याच कामात माझीही चूक झाली. एक वळसा पुन्हा बसता करायला भट्टीत घातला आणि आजच्या मऊ पोलादाला जेवढा ताव देतो तेवढाच, नारिंगी, दिला. हातोड्याच्या तिसऱ्या घावाला सळई उभी चिरली. तुटलेलं टोक उजेडात नेऊन पाहिलं तर आत ऊस पिळून काढल्यावर दिसतात तसे तंतू. हे जुनं घडीव लोखंड. त्यात कार्बन नावालाच असतो आणि कीट बारीक धाग्यांसारखं लांबीभर पसरलेलं असतं. त्याला पिवळ्याच्याही पुढचा, जवळजवळ पांढरा ताव लागतो. ताव कमी पडला की ते धाग्याधाग्यानं सुटतं. एकोणिसाव्या शतकातल्या कारागिराचा एक वळसा माझ्या हातानं गेला. ते टोक अजून खिडकीत ठेवलं आहे आणि भट्टीवर येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात ते देतो.

म्हणून माझी भट्टी अंधारी आहे. उजेडात रंग फसवतो. उन्हात लाल दिसणारं लोखंड सावलीत नारिंगी असतं. आगटीपासून ऐरण दोन पावलांवर, ऐरणीची उंची उभं राहून मूठ सोडली की बोटांची पेरं टेकतील एवढी, आणि ऐरण बाभळीच्या ओंडक्यावर. सांडशी डाव्या हाताला. हे सगळं एवढ्यासाठी की बारीक सळईचा ताव अर्ध्या मिनिटात उतरतो. भट्टीतून काढल्यावर कुठे मारायचं याचा विचार करत बसलो तर तो ताव वाया गेला. दरेक तावाला लोखंडावर खपली धरते आणि गळून पडते, म्हणजे सळई तेवढी झिजते. दोन तावांत होणारं काम पाच तावांत करणारा माणूस काम बिघडवतोच, वर लोखंडही खातो.

जाड कामाला घणकरी लागतो. आमच्या घरी आई घण मारायची, घिसाड्यांच्या बायका मारतात तशीच. आबा बोलत नसत. त्यांचा लहान हातोडा जिथे टेकायचा तिथे तिचा घण पडायचा, जेवढा जोरात टेकायचा तेवढ्या जोरानं. हातोडा नुसत्या ऐरणीवर वाजला की घण थांबायचा. दोघं सकाळी भांडलेली असली तरी या बोलण्यात कधी चूक झाल्याचं मला आठवत नाही. आज माझा पुतण्या घण धरतो आणि मी त्याच खुणा करतो.

गिरगावचा कठडा पुरा व्हायला चार महिने लागले. चिरलेल्या वळशासाठी जुन्या मोडीतून तसलंच तंतूचं लोखंड शोधलं, पांढऱ्या तावात घडवलं आणि बारा कडी नव्यानं आवळली. शेवटचं कडं निवल्यावर कठडा वरपासून खालपर्यंत हातोडीच्या दांड्यानं वाजवत गेलो, आबा चाक वाजवत तसा. आवळलेला जोड घंटेसारखा बोलतो, सैल जोड खरखरतो. सातव्या कड्यापाशी किंचित खरखर आली. पुतण्या म्हणाला, “काका, रंगाखाली कुणाला कळणार आहे?” मी छिन्नी घेऊन ते कडं कापलं, त्यानं पट्टी मोजून ८२वर खूण केली आणि आगटीत वारा सोडला.