आतड्याच्या भिंतीबाहेर

लहान आतडे मोठ्या आतड्याला जेथे मिळते, त्या उजव्या कुशीतील सांध्यावर क्षयरोग आणि क्रोन्सचा आजार हे दोन्ही ठाण मांडतात, आणि दोन्हींत आतड्याची भिंत जाड होते, मार्ग अरुंद होतो, कळा येतात, वजन घटते. न्यूयॉर्कमध्ये क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहाइमर यांनी १९३२ मध्ये क्रोन्सच्या दाहाचे वर्णन केले, तेव्हाही क्षयाची शंका आधी दूर करावी लागली होती. फरक ओळखणे जिवावरचे काम आहे, कारण क्रोन्ससाठी दिलेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे क्षयाच्या रुग्णात जंतूंना मोकळे रान देतात.

जव्हार-मोखाड्यातील कुपोषण आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांभोवतीच्या दाटीच्या खोल्या ज्या पालघर जिल्ह्यात आहेत, तेथे क्षय आधी आठवणे रास्तच. मात्र तेवढ्यावर थांबले, तर क्रोन्सच्या रुग्णाचे सहा महिने क्षयाच्या गोळ्यांत जातात आणि तोवर आतडे आकसत राहते.

सीटी एन्टेरोग्राफी, म्हणजे आतडी द्रवाने फुगवून केलेला सीटी स्कॅन, येथे उपयोगी पडते. त्यासाठी रुग्णाला सुमारे दीड लिटर मॅनिटॉलमिश्रित पाणी तासाभरात थोडे थोडे प्यावे लागते. हे पाणी नेटाने पाजणे हा या कामाचा सर्वांत दुर्लक्षित भाग होय, कारण मिटलेले निरोगी आतडेही चित्रात जाडच दिसते.

त्यानंतर नजर भिंतीवरून बाहेर जायला हवी. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातील, म्हणजे आंत्रबंधातील, रक्तवाहिन्या फुगून कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या राहिल्या असतील, चरबी वाढून आतड्याभोवती लपेटली असेल आणि मधले निरोगी भाग सोडून लांबवर रोग पसरला असेल, तर पारडे क्रोन्सकडे झुकते. याउलट, कडा उजळ आणि मध्य काळसर अशी कुजलेली लसिकागाठ दिसली, तर क्षयाची बाजू फार बळकट होते; पण ती अनेक क्षयरुग्णांत नसतेच, म्हणून गाठ दिसली नाही एवढ्यावरून क्षय नाकारता येत नाही. पोटात पाणी साठणे, सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग, आकसून वर ओढले जाणे, या खुणाही क्षयाकडेच बोट दाखवतात.

तरीही काही चित्रे दोन्हींकडे सारखीच कललेली राहतात, आणि अशा वेळी आतड्यातून काढून तपासलेल्या तुकड्यातूनही उत्तर मिळाले नाही, तर क्षयाची औषधे सुरू करून दोनेक महिन्यांनी दुर्बिणीने व्रण भरले का ते पाहणे हितावह असते. या औषधांवर क्रोन्सच्या काही रुग्णांनाही बरे वाटू लागते, पण त्यांचे व्रण बहुधा तसेच राहतात.