लाल भाकरी, पांढरी भाकरी

ज्वारीचे पीठ जुने झाले की आधी हाताला कळते. मळताना गोळा चिरतो, थापताना भाकरीची कड फाटते, नाकाशी नेले तर खवट वास येतो. पीठ विरी गेले, असे म्हणून घरची बाई त्याची उकड काढते किंवा ते सरळ गुरांपुढे टाकते. अख्ख्या दाण्याच्या अंकुरात चरबी असते. दळल्यावर तिला हवा लागते आणि ती खवटते. मैद्यातून कोंडा आणि अंकुर दोन्ही काढलेले असतात, म्हणून तो महिनोन्महिने टिकतो. पौष्टिक पिठाला मात्र टिकाऊपणा साधत नाही. दाणा साठवावा आणि आठवड्यापुरताच दळावा, हा जुना शिरस्ता त्यातूनच आला.

दाणा निवडताना हंगाम पाहावा लागतो. खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की दाण्यावर बुरशी येते आणि तो काळा पडतो. रब्बीची ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर काळ्या जमिनीत वाढते, कोरड्या हवेत पिकते. तिचा दाणा टपोरा आणि मोत्यासारखा पांढरा असतो. मोहोळला निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी याच घराण्यातली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मोहोळ-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातल्या माणसाच्या आयुष्यात ज्वारी वयाप्रमाणे रूप बदलत येते. लहानपणी ती शेकोटीतला हुरडा असते, शाळेच्या वयात दूध-भाकरीचा काला. नोकरी लागली की गव्हाची पोळी प्रतिष्ठेची ठरते आणि भाकरी गावाकडची होऊन बसते. पन्नाशीत रक्तातली साखर वाढते, डॉक्टर भाकरी खायला सांगतात आणि ती औषधाच्या रूपाने ताटात परतते.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसांचे मात्र वेगळे असते. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळे. तिची भाकरी तांबूस व्हायची आणि घशाखाली उतरायची नाही. त्या पिढीतली कित्येक माणसे लाल रंगाचे धान्य आजही ताटात घेत नाहीत. खरे तर मिलो हीही ज्वारीच, तीही अख्खीच. लालसर सालीतल्या ज्या द्रव्यांची आज वाखाणणी होते, ती तिच्यातही होती. तरी मिलो चांगले अन्न ठरली नाही. ती दूरवरून आली होती, निवडीला वाव नव्हता आणि पुष्कळ घरांत तिच्यासोबत खायला काही नव्हते.

सोबतीचा हा मुद्दा पोषणशास्त्रातही बसतो. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकेच तंतू असतात. पण लायसिन हे अमायनो आम्ल कमी पडते. डाळीत ते भरपूर असते, म्हणून भाकरीशेजारी पिठले किंवा आमटी. पालेभाजीवर लिंबू पिळले की लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते शोषले जाण्यात अडथळा येतो. भाकरी कितीही खाल्ली तरी साखर वाढत नाही, हा समज खोटा. तिच्यातही पिष्ट भरपूर असते, फक्त तंतूंमुळे पचन सावकाश होते.

गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारे ग्लुटेन ज्वारीत नाही. गरम पाण्याने पिष्ट चिकट होते, म्हणून ती कढत पाण्यात मळतात. मल्टीग्रेन म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पाकिटांवर मात्र कणसांची चित्रे ठळक आणि घटकांच्या यादीत गहू पहिला असतो. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, एवढे ठाऊक असले तरी फसगत टळते. पाकिटातल्या पिठाची दळण्याची तारीख पाहावी. गिरणीतून आणायचे तर दाणा आपला असावा आणि कोंडा चाळून टाकू नये. तव्यावर भाकरी फुगली की पीठ ताजे होते, असे खुशाल समजावे.