नव्या चाकाला जुना रंग

मोटारसायकलच्या गॅरेजात ‘मॅगव्हील’ हा शब्द तुम्ही नक्की ऐकला असेल. तारांचे स्पोक नसलेलं, जाड दांड्यांचं ओतीव चाक दिसलं, की आपण त्याला मॅगव्हील म्हणून मोकळे होतो. ‘मॅग’ म्हणजे मॅग्नेशियम. पण गंमत पाहा, आपल्या रस्त्यांवरच्या या चाकांमध्ये मुख्य धातू असतो अ‍ॅल्युमिनियम! मॅग्नेशियम असलंच, तर भाजीत मीठ असावं तेवढंच. मग हे नाव आलं कुठून?

ते आलं अमेरिकेतून. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात राहते आहे. इथल्या तरुण मुलांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून एक वेड होतं. जुनी फोर्ड गाडी स्वस्तात घ्यायची, वजन कमी करायला मडगार्ड वगैरे उतरवायचे, इंजिनाची ताकद वाढवायची आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानावर ती भन्नाट पळवायची. अशा गाडीला म्हणतात ‘हॉट रॉड’. युद्ध संपल्यावर टेड हॅलिब्रँड नावाच्या इथल्याच एका कारखानदाराने शर्यतीच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची चाकं बनवली. १९५० नंतरच्या दशकात इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत ती जिकडेतिकडे दिसू लागली.

मॅग्नेशियमच का? तर वजनासाठी! एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. तेवढ्याच आकाराचा लोखंडाचा ठोकळा भरतो ७.८७ किलो, अ‍ॅल्युमिनियमचा २.७ किलो आणि मॅग्नेशियमचा फक्त १.७४ किलो. चाक हलकं असलं, की गाडी झटकन वेग घेते आणि झटकन थांबतेही.

पण हा धातू आहे मोठा नाजूक स्वभावाचा. अ‍ॅल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो आतल्या धातूला सांभाळतो. मॅग्नेशियमवरचा थर तितका पक्का नसतो. दमट हवा किंवा मीठ लागलं, की धातू झिजत जातो आणि करडी-पांढरी भुकटी सुटते. लोखंडी बोल्टाच्या शेजारी तर आणखी लवकर. म्हणून पूर्वी ही चाकं क्रोमियमच्या क्षारांच्या द्रावणात बुडवत. त्याने त्यांना सोनेरी-तपकिरी झाक येई. मग वर्षानुवर्षांच्या उन्हापावसात तिच्यावर करडेपणा चढे. हाच तो ‘जुन्या मॅग’चा रंग. त्याच्यावर इथले शौकीन अगदी जीव टाकतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत जळताना तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. पेटवण्याआधी सर ती पॉलिशपेपरने घासायला सांगतात ना? तो घासून काढायचा मळकट थर याच जातीचा, बरं का!

त्या फितीचा डोळे दिपवणारा उजेड आठवला, की दुसरी गोष्टही लक्षात येईल. मॅग्नेशियमचं जाड चाक सहजासहजी पेटत नाही, पण त्याची भुकटी आणि कीस पटकन पेट घेतात. एकदा पेटल्यावर पाणी ओतलं तर आग विझायच्या ऐवजी भडकते, कारण पाण्यातून हायड्रोजन वायू सुटतो. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत एक मर्सिडीज गाडी प्रेक्षकांच्या बाजूला फेकली गेली. ८० हून अधिक माणसं गेली. त्या गाडीचं बाहेरचं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. पंचाहत्तरी ओलांडलेली, सगळा जन्म लेथवर गेलेला. गेल्या वर्षी ते आपल्या नातीसाठी १९३२ सालची फोर्ड गाडी तयार करत होते. त्यांच्याकडे मॅग्नेशियमची खरी जुनी चाकं होती, पण दांड्यांच्या मुळाशी केसासारख्या बारीक चिरा पडलेल्या. “ही भिंतीवर टांगायची,” आजोबा म्हणाले. “यांच्यावर मी माझ्या नातीला बसवणार नाही.” त्यांनी त्याच घाटाची अ‍ॅल्युमिनियमची नवी चाकं आणली. पण ती इतकी चकचकीत, की जुन्या गाडीला नवी स्टीलची भांडी टांगल्यासारखी वाटत होती.

मग सुरू झालं चाकांना म्हातारं करण्याचं काम. माझी आठवीतली लेक रोज शाळेतून आली, की त्यांच्या गॅरेजच्या दारात जाऊन उभी राही.

आधी त्यांनी टायर उतरवून चाकं साबणाने धुतली आणि थिनरने पुसली, कारण बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी रंग सुटतो. मग नट बसण्याच्या जागा आणि चाक गाडीला टेकतं तो भाग टेप लावून झाकला. तिथे रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबतो आणि आवळलेले नट ढिले पडू शकतात. बाकीचं चाक बारीक पॉलिशपेपरने घासून चमक मारली. त्यावर अ‍ॅल्युमिनियमसाठीचा प्रायमर, मग फिकट करडा रंग.

खरी करामत यानंतरची. पातळ केलेला तपकिरी-सोनेरी रंग त्यांनी लांबून, धुक्यासारखा उडवला. खाचाखोचांत आणि दांड्यांच्या मुळाशी गडद करडा. कडांवर, जिथे वर्षानुवर्षं हात आणि फडकी फिरली असती, तिथे रंग हलकेच पुसून घेतला. स्पंजाच्या टोकाने थोडे पांढरट ठिपके दिले. शेवटी चमक नसलेलं लॅकर. जुनं चाक शेजारी ठेवून दर वेळी ते ताडून पाहत.

“थोडे खड्डे पाडले, तर अजून खरं दिसेल ना?” लेकीने विचारलं.

“खड्ड्यापासूनच चीर सुरू होते,” आजोबा म्हणाले. “आणि फार तापवलं तर चाकाची ताकद जाते. म्हातारपण फक्त रंगात आणायचं, धातूत नाही.”

मग लेकीने मलाही टोचत होता तोच प्रश्न विचारला, “पण ही फसवणूक नाही का?”

आजोबांनी चाक उलटं केलं. आतल्या बाजूचा वीतभर पट्टा त्यांनी मुद्दाम रंगवला नव्हता. तिथे साधा चकाकता अ‍ॅल्युमिनियम होता आणि जवळच त्यांनी धातूचं नाव आणि साल रंगाने ठळक लिहिलं होतं. “नाटकात कुणी राजा झाला, तर ते खोटं नसतं,” ते म्हणाले. “मुकुट घालून तो बाजारात उधारी मागायला गेला, तर मात्र खोटं.”

ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. पुढच्याच आठवड्यात जुन्या सामानाचा एक व्यापारी आला. चाकं पाहून खूश झाला. म्हणाला, “आतला पट्टा रंगवून द्या. खरी मॅग म्हणून विकतो आणि दुप्पट पैसे देतो.” आजोबांनी त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. का, ते आम्हाला नंतर सांगितलं. अस्सल समजून चाकं घेणारा माणूस उद्या ती शर्यतीत लावेल, दुरुस्तीला देईल, पुढे तिसऱ्याला विकेल. कुणाला काय विकलं हे त्यातल्या एकाला तरी खरं कळायला हवं ना?

(मुलांनो, असले रंग श्वासात गेलेले वाईट, म्हणून आजोबा दार उघडं ठेवून, मास्क लावूनच फवारत. घरच्या गाडीवर प्रयोग नको! आणि पालकांनो, खरं जुनं मॅग्नेशियम हाती लागलं तर ते घरी ग्राइंडरवर घासू नका.)

गाडी तयार झाल्यावर नात आम्हा दोघींना एक चक्कर मारायला घेऊन गेली. पेट्रोल पंपावर एक गृहस्थ थबकले. चाकांवरून हळूच हात फिरवत त्यांनी विचारलं, “खरी मॅग का?”

“नाही हो, अ‍ॅल्युमिनियम,” ती ऐटीत म्हणाली. “रंग माझ्या आजोबांचा.”