पंचाने हात उंचावला होता का? जुन्या मुष्टियोद्ध्यांच्या नोंदी आणि माझा फसलेला तक्ता

१/१५
आजचा धागा माझ्याच एका चुकीपासून सुरू होतो. गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गातील चर्चासत्रासाठी मी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी मुष्टियोद्ध्यांचा एक तक्ता तयार केला होता. एकूण लढती, विजय, पराभव, बरोबरी आणि शेवटच्या रकान्यात विजयाची टक्केवारी. आकडे नीटनेटके दिसत होते आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता.

२/१५
तक्त्याच्या वरच्या ओळींत पिट्सबर्गचा हॅरी ग्रेब होता. कारकिर्दीत सुमारे ३०० लढती! बाईंनी त्याच्या एका लढतीवर बोट ठेवून विचारले, "इथे तू विजय लिहिला आहेस. पंचाने याचा हात उंचावला होता का?" मी टिपणे चाळली आणि गप्प झाले. त्या लढतीला अधिकृत निकालच नव्हता.

३/१५
हे कसे शक्य आहे? न्यूयॉर्क राज्यात १९११ मध्ये फ्रॉली कायदा लागू झाला. त्याने मुष्टियुद्धाला परवानगी दिली, पण दहा फेऱ्यांच्या मर्यादेत आणि गुणांवर निकाल न देण्याच्या अटीवर. जुगार आणि ठरवून केलेल्या लढती यांना आळा बसावा, हा हेतू. प्रतिस्पर्धी कोसळला तर प्रश्न मिटला. दोघेही शेवटपर्यंत उभे राहिले तर विजेता कोणीच नाही. इतर अनेक ठिकाणीही अशीच पद्धत होती.

४/१५
जुगार अर्थातच थांबला नाही. पैजा लावणाऱ्यांना निकाल हवाच होता आणि तो त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतून घेतला. आखाड्याशेजारी बसलेल्या बातमीदाराच्या मते जो वरचढ, तो विजेता. यालाच वृत्तपत्रीय निकाल म्हणतात. पंचाच्या निकालाप्रमाणे तो एक नसे. जितकी वृत्तपत्रे, तितकी मते संभवत. बातमीदारांत जाणकार होते, आपल्या गावच्या खेळाडूकडे झुकणारे होते आणि व्यवस्थापकांकडून पैसे घेणारेही होते.

५/१५
या व्यवस्थेचा आणखी एक परिणाम झाला. निकालच द्यायचा नसल्याने विजेतेपद गमावण्याची भीती केवळ चितपट होण्यापुरती उरली. दहा फेऱ्या सावधपणे निभावल्या की मुकुट शाबूत. म्हणजे कायद्याने केवळ नोंदच बदलली नाही, लढण्याची रीतही बदलली. न्यूयॉर्कमध्ये १९१७ साली हा कायदा रद्द झाला आणि १९२० च्या वॉकर कायद्यानंतर अधिकृत निकाल परतले.

६/१५
ग्रेबच्या अर्ध्याहून अधिक लढती निकालाविना आहेत. त्यांतील वृत्तपत्रीय निकाल मोजले तर एक ग्रेब दिसतो, वगळले तर दुसरा. मी दोन्ही प्रकार एकाच रकान्यात ओतले होते आणि त्यावरून टक्केवारी काढली होती. त्यात त्याच्या लढतींचे चित्रीकरणही उपलब्ध नाही. सरावाची काही दृश्ये तेवढी उरली आहेत.

७/१५
एकच उदाहरण पाहू. पुढे हेवीवेट विजेता झालेला जीन टनी आणि ग्रेब १९२२ ते १९२५ या काळात पाच वेळा भिडले. २३ मे १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ग्रेब जिंकला. टनीच्या कारकिर्दीतील हा एकमेव अधिकृत पराभव. फेब्रुवारी १९२३ मध्ये निकाल टनीच्या बाजूने लागला, पण अनेक बातमीदारांना तो पटला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा टनी जिंकला.

८/१५
चौथी लढत १९२४ साली क्लीव्हलंडला झाली. अधिकृत निकाल नाही आणि वृत्तपत्रांचेही एकमत नाही. पाचवी १९२५ मध्ये सेंट पॉलला; अधिकृत निकाल नाही, मात्र बातमीदारांचा कल टनीकडे. निर्विवाद निकाल, वादग्रस्त निकाल, केवळ मत आणि मतभेद अशा निरनिराळ्या तऱ्हा या पाच लढतींत आहेत. यादीत मात्र पाचही ओळी सारख्याच लांबीच्या.

९/१५
मग जिथे अधिकृत निकाल आहे तिथे तरी निश्चिंत राहावे? डिसेंबर १९०० मध्ये शिकागोत टेरी मॅकगव्हर्नने जो गान्सला दुसऱ्याच फेरीत चितपट केले. नोंदीत काहीही चूक नाही. गान्स खाली पडला, पंचाने दहा मोजले. पण ही लढत आधीच ठरलेली होती आणि आपण सांगितल्याप्रमाणे हरलो, हे गान्सने पुढे कबूल केले. या प्रकरणानंतर शिकागोत मुष्टियुद्धावर बंदी आली. नोंद खरी, लढत खोटी.

१०/१५
नावांचा गोंधळ वेगळाच. 'यंग कॉर्बेट' या नावाने लढणारे एकाहून अधिक होते. बार्बाडोसचा जो वॉलकॉट आणि 'जर्सी' जो वॉलकॉट यांच्यात कित्येक दशकांचे अंतर. दुसऱ्याचे खरे नाव आर्नल्ड क्रीम. जॅक डेम्प्सी हे नाव एकोणिसाव्या शतकातील एका विजेत्याचे. ते पुढे विल्यम डेम्प्सीने घेतले, आणि त्याच्याआधी त्याचा थोरला भाऊही त्याच नावाने लढत असे. घाईत कात्रणे जुळवणाऱ्याने एकाचा पराभव दुसऱ्याच्या खात्यात टाकला, तर नवल नाही.

११/१५
शब्दांचे अर्थही बदलतात. १८८९ मध्ये मिसिसिपीत जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन यांची लढत ७५ फेऱ्या चालली. आपण लगेच तीन मिनिटांनी गुणतो आणि थक्क होतो. पण उघड्या मुठींच्या त्या नियमांत कोणी खाली पडला की फेरी संपे. प्रत्यक्षात लढत सव्वादोन तासांच्या आसपास चालली. पराक्रम कमी नव्हे, परंतु मोजमाप निराळे.

१२/१५
'द रिंग' हे मासिक १९२२ मध्ये निघाले. त्याचे संस्थापक नॅट फ्लायशर यांनी पुढे वार्षिक नोंदग्रंथ काढले आणि तेच प्रमाण मानले गेले. त्या काळी हे संकलन कात्रणे, पत्रव्यवहार आणि व्यवस्थापकांचे दावे यांवर उभे होते. आज जुनी वृत्तपत्रे संगणकावर शोधता येतात, त्यामुळे विसरलेल्या लढती सापडतात आणि फुगवलेले विजय गळतात. शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचा आकडा आजही बदलतो, तो यामुळे.

१३/१५
मला शरम वाटली ती याची, की ही शिस्त मी शिकले होते. सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर दोन दशकांच्या आत लिहिलेली, तर चिटणिसांची शतकाहून अधिक काळानंतरची. दोन्हींना एकाच तराजूत घालायचे नाही, हे आपण पहिल्याच सत्रात घोकतो. कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, किती वर्षांनी लिहिले? तेच प्रश्न आकड्यांना विचारायचे मी विसरले, कारण आकडे बखरीसारखे दिसत नाहीत.

१४/१५
यावर कोणी म्हणेल, मग सगळेच अविश्वसनीय! हा निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो. नोव्हा स्कॉशियात जन्मलेल्या सॅम लँगफर्डचे पाहा. तो कृष्णवर्णीय होता आणि हेवीवेट विजेतेपदासाठी लढण्याची संधी त्याला कधीच मिळाली नाही. १९०६ मध्ये त्याला हरवणाऱ्या जॅक जॉन्सननेही, स्वतः पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झाल्यावर, त्याला ती दिली नाही. लँगफर्ड आणि हॅरी विल्स मग आपापसांतच १७-१८ वेळा लढले. १९४४ मध्ये एका पत्रकाराने लँगफर्डला शोधले, तेव्हा तो हार्लेममध्ये आंधळा आणि निष्कांचन होता. मुकुट नाकारल्या गेलेल्या या माणसाची थोरवी सांगणारा पुरावा म्हणजे ह्याच विस्कळीत नोंदी. सरसकट संशय घेतला, तर त्याच्याकडून तोही जातो.

१५/१५
मी तक्ता नव्याने केला. टक्केवारीचा रकाना काढला आणि तिथे लिहिले: 'हे कोणी सांगितले?' पंच, एक वृत्तपत्र, परस्परविरोधी वृत्तपत्रे, व्यवस्थापक, खेळाडूची आठवण. काही घरे रिकामी राहिली. बाईंनी या वेळी त्या रिकाम्या घरांवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "यांच्यापासून सुरुवात कर." सध्या तेच काम चालू आहे. तुमच्या आवडीच्या एखाद्या जुन्या खेळाडूचा आकडा पुन्हा समोर आला, तर त्याला हा एक प्रश्न विचारून पाहा आणि काय सापडले ते इथे जरूर लिहा.