माळकऱ्याच्या घरात हा जंत आला कुठून?

माझा भाचा लोहा तालुक्यातला. सातवीत असताना शाळेच्या प्रार्थनेतच त्याला फिट आली. उजवा हात झटके देऊ लागला, मग शुद्धच हरपली. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. संध्याकाळी ‘बाहेरचं झालंय’ म्हणणारेही जमले. ताईने अंगारा लावला, पण लेकराला घेऊन नांदेडही गाठलं, हे फार बरं केलं.

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली. मेंदूत एक पांढरं कडं, भोवती काळसर सूज. ‘टेपवर्मची अळी आहे, डुकरातला जंत,’ हे ऐकताच दाजी उसळले, ‘डॉक्टरसाहेब, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माळ आहे. अंडंसुद्धा शिवत न्हाईत. डुकराचं कुठून आलं?’

त्यावर डॉक्टरांनी जे समजावलं, ते मी जाईन तिथे सांगतो. डुकराचं कच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा जंत दोन ते सात मीटरपर्यंत वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून पडतात. ती डुकराने खाल्ली की त्याच्या मांसात अळ्या होतात. पण तीच अंडी भाजीवरून, पाण्यातून किंवा न धुतलेल्या हातावरून आपल्या पोटात गेली, तर अळी रक्तावाटे थेट मेंदू गाठते. त्यासाठी मांस खावं लागत नाही. खाणारा एक, भोगणारा दुसराच.

घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी झाली, कुणातच काही निघालं नाही. अंडी बाहेरून आली होती. ताईच्या गावच्या ओढ्याकाठी लोक डबा घेऊन बसतात, तिथेच डुकरं फिरतात आणि त्याच ओढ्यावर मोटार लावून कोथिंबीर, मेथी पिकते. ती आपण वरणावर कच्चीच भुरभुरतो. नीट धुवावी म्हटलं, तर पाणी हवं. मी लातूरचा. 2016 साली आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात पालेभाजी दोनदा धुवायला पाणी आणायचं कुठून?

भाचा बरा झाला. फिटची गोळी, सूज उतरवणारं औषध आणि अल्बेंडाझोल, सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली. शाळेत जंतनाशक दिनाला मिळते तीच ही अल्बेंडाझोलची गोळी, म्हणून काहीजण दुकानातून आणून देतात. मेंदूत अळी असताना तसं करू नका. अळी मरताना सूज वाढते, जिवावर बेतू शकतं. आणि लेकराला पहिली फिट आली की आधी दवाखाना गाठा. फिटची गोळी डॉक्टर सांगेपर्यंत मनाने बंद करू नका.