एका सेनापतीचा फैसला

प्रिय रावसाहेब,


न्यायासनावरून उतरून आपल्याला इतकी वर्षे लोटली, तरी जुन्या मुकदम्याचे दप्तर समोर आले की आपली मुद्रा खुलते, हे ठाऊक असल्यामुळे, गेला पंधरवडा ज्याच्या संगतीत मी घालवला त्या फ्रान्सच्या मार्शल बाझेनचे प्रकरण आपल्यापुढे दाखल करीत आहे.

व्हर्सायला 1811 साली जन्मलेला हा पुरुष पोलितेक्निक या लष्करी शाळेच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला, 1831 मध्ये साधा शिपाई म्हणून पलटणीत भरती झाला, आणि अल्जीरिया, स्पेन, क्रिमिया, इटली, मेक्सिको असा मुलूख पालथा घालीत 1864 मध्ये मार्शल झाला. त्याच्या शौर्याविषयी शंका नको. प्रशियाशी झालेल्या युद्धात, 16 ऑगस्ट 1870 रोजी, रेझोंव्हिलच्या रणात शत्रूचे स्वार अंगावर आले, तेव्हा सरसेनापती असूनही तो तलवार उपसून गर्दीत उभा होता. परंतु दोनच दिवसांनी सैं-प्रिव्हाला त्याच्याच हाताखालच्या कांरोबेरची फौज कुमक मागत असता हाच वीर रणांगणापासून दूर आपल्या ठाण्यात बसून राहिला, आणि राखीव गार्ड वेळेवर पुढे गेली नाही. पुढे मेट्झच्या कोटात वेढला जाऊन घोडे मारून खाण्याची पाळी आली. प्रशियाच्या बिस्मार्कशी गुप्त बोलणी झाली, तीही फसली. आणि 27 ऑक्टोबरला सुमारे 1,73,000 माणसांनिशी त्याने शस्त्रे ठेवली.

हा फितूर होता काय? मला तसे वाटत नाही. हुकूम घेण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हुकूम देणारा धनी, खुद्द सम्राट, सेदानच्या लढाईत कैद झाला, आणि हा निराधार झाला. युद्धानंतर त्याच्यावर लष्करी खटला चालला, तेव्हा अदालतीत त्याने हेच सांगितले, की सरकार उरलेच नव्हते. त्यावर अदालतीचे अध्यक्ष ड्यूक द ओमाल यांनी, फ्रान्स तर उरला होता ना, अशा अर्थाचे उत्तर दिले. माझ्या मते त्याचा सारा अपराध या एका उत्तरात आला.

10 डिसेंबर 1873 रोजी न्यायाधीशांनी एकमताने देहान्ताची शिक्षा फर्मावली, आणि त्याच न्यायाधीशांनी, हा शिपायाचा मार्शल झालेला माणूस आहे असे स्मरण देऊन, दयेच्या अर्जावरही सह्या केल्या. ती शिक्षा वीस वर्षांच्या कैदेवर आणली राष्ट्राध्यक्ष मॅकमहॉनने. मेट्झला अडकलेल्या बाझेनच्या सुटकेसाठी निघून सेदानला कोंडले गेलेले सैन्य याच मॅकमहॉनचे! एक पराभूत राष्ट्राध्यक्ष झाला, दुसरा कैदी. पुढच्याच ऑगस्टात सेंट-मार्गरीत बेटावरच्या कैदेतून, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तो रात्री दोराने खाली उतरला. नावेत पत्नी वाट पाहत होती. तो 1888 मध्ये माद्रिदला वारला.

रावसाहेब, शिक्षेचा हुकूम आणि दयेचा अर्ज, या दोन कागदांपैकी आपण कोणत्यावर सही केली असती? मी दोन्हींवर केली असती; मात्र पहिल्यावर करताना दुसरा कागद आधीच लिहून खिशात ठेवला असता.

लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा, ही विनंती.

आपला,
जुना स्नेही